दोन तेया

गाव्राला कोस्ताचा मत्सर वाटतो, हे वर्शात्स गावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या कोस्ताला. आणि तोही नुसता माहीत नसल्याचं दाखवतो, अशी गाव्राची खात्री होती.

मत्सराला कारण काय म्हणाल, तर शोधूनही सापडलं नसतं. गाव्राची बायको तेया आणि हा कोस्ता एका वर्गात शिकले. शाळेच्या निरोपाच्या नाचात दोघं एकत्र नाचली आणि तेव्हाचा एक फोटो तेयाच्या आईच्या अल्बमात होता. फोटोत कोस्ताच्या डोक्यावर भरघोस केस होते. आता तिथं हेल्मेट असायचं, कारण तो सायकलवरून गावभर फिरून दंतवैद्याचे, पशुवैद्याचे, द्राक्षवाल्यांच्या सोसायटीचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याची बायको त्याला सोडून गेली होती. एवढ्याशा भांडवलावर गाव्राच्या डोक्यातलं दुकान लग्न झाल्यापासून जोरात चाललं होतं.

तेया जर्मनची भाषांतरकार, कोर्टात शपथ घेतलेली. तिचा गोल शिक्का बसला की कागद व्हिएन्नापासून हांबुर्गपर्यंत चालायचा. निम्मं गाव जर्मनीला निघालेलं, त्यामुळे जन्मदाखले, पदव्या, घटस्फोटाचे निकाल यांचा तिच्या टेबलावर ढीग असायचा. बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं ऑफिस होतं. टायपिंगला ओल्गित्सा मावशी. तिची बोटं वयानं मंदावली होती, जीभ नाही. आणि तिसरा गाव्रा. कारखाना बंद पडला तेव्हा तो तिथं मुकादम होता. तेव्हापासून तो बायकोच्या ऑफिसात हिशेब बघायचा, शेगडी पेटवायचा आणि नेटवर्क सांभाळायचा.

नेटवर्क त्याच्याकडे कसं आलं, तेही ऐकण्यासारखं आहे. सगळे कॉम्प्युटर जोडून एक सर्व्हर बसवायचं ठरलं, तेव्हा तेया सहज म्हणाली, "कोस्ताला बोलावू या का? दंतवैद्याकडचं त्यानं एका दिवसात केलं."

झालं, गाव्राचा तिळपापड. "तुझ्या कोस्ताशिवाय या गावात दिवेही लागत नाहीत वाटतं! मी काय मेलोय?"

मग सबंध हिवाळा त्यानं व्हिडिओ बघण्यात घालवला आणि स्वतः सगळं बसवलं. खोटं कशाला बोला, बरंच बसवलं. तेयानं आपल्या कॉम्प्युटरवर काहीही ठेवलं, तरी ते तिथं राहायचं नाही. गुपचूप मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर, तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. तिला वाटायचं आपल्या डोळ्यांपुढं आहे, पण वस्तीला ते दुसरीकडे. कॉम्प्युटर मेला तरी काम वाचावं म्हणून ही सोय. सुरुवातीची फोल्डरं गाव्रानं हातानं बनवली होती, ती त्यालाही उघडायची. पुढे सर्व्हर आपोआप फोल्डर बनवायला शिकला, आणि असं फोल्डर ज्याचं त्यालाच उघडतं. बनवणाऱ्यालासुद्धा आत पाय ठेवता येत नाही. व्हिडिओत हे ऐकलं तेव्हा गाव्राला व्यवस्था फार आवडली होती. त्यानं आपल्या बायकोचा विचार केला नव्हता.

गेल्या वर्षी एका लग्नात त्यानं तमाशा केला होता. फेर धरून सगळे नाचत होते. त्या नाचात शेजाऱ्याचा हात धरावाच लागतो, आणि तेयाच्या शेजारी नेमका कोस्ता आला. गाव्रा टेबलावरून उठला, दोघांच्या मध्ये घुसला, आणि घुसताना टेबलावरचं कापड त्याच्या कोटाच्या बटणात अडकून सुपाच्या भांड्यासकट खाली आलं. घरी दार उघडताना तेया म्हणाली, "गाव्रा, हे शेवटचं. पुन्हा असा संशय घेतलास तर मी बेला त्स्र्क्वा गावी आईकडे जाईन आणि तिथंच ऑफिस थाटीन. तू इथं बस शेगडी पेटवत."

तेया उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती. गाव्रानं तेव्हापासून संशय घेणं सोडलं नाही, दाखवणं सोडलं.

आणि मग एका शनिवारी, बाहेर कोशावा वारा खिडक्या हलवत असताना, सर्व्हरवर जागा किती उरली ते बघायला गाव्रा मागच्या खोलीत गेला. पडद्यावर नावांची यादी होती. गाव्रा, ओल्गित्सा, तेया. आणि सगळ्यांत खाली, एकटंच, पुन्हा तेया.

त्यानं चष्मा पुसला. दोन तेया. तीच अक्षरं, तोच क्रम, कुठं एका टिंबाचा फरक नाही. वरची तेया त्यानं उघडली. आत मागच्या शरदापर्यंतचं काम होतं, पुढचं काही नाही. खालची उघडायला गेला, तर पडद्यानं सांगितलं की तुम्हाला परवानगी नाही.

शरदापर्यंत उघडं, त्यानंतर कुलूपबंद. आणि शेजारच्या खोलीत तेया फोनवर कुणाशी तरी बोलताना खळखळून हसत होती.

जेवताना त्यानं अगदी सहज, म्हणजे सहज वाटावं म्हणून घास गिळून झाल्यावर विचारलं, "तेया, तू तुझं काम ठेवतेस कुठं?"

"कॉम्प्युटरमध्ये. आणखी कुठं, लोणच्याच्या बरणीत?"

"दोन ठिकाणी तर नाही ना ठेवत?"

"मला एका ठिकाणचं सापडत नाही, गाव्रा. मिरच्या सरकव इकडं."

साधं, सरळ उत्तर. मत्सरी माणसाला अशा उत्तराचा सगळ्यांत जास्त संशय येतो. लपवायचं काही नसतं तर निदान चिडली तरी असती, असा त्यानं हिशेब मांडला आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

रविवारी तेया तिच्या धर्ममातेकडे जेवायला गेली. शेगडीचं धुराडं साफ करायचंय असं सांगून गाव्रा ऑफिसात आला. धुराड्याकडे त्यानं बघितलंही नाही.

प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो. ज्याच्या हाती सर्व्हर, त्याला दुसऱ्याचं फोल्डर उघडता येत नाही, पण त्या फोल्डरचा मालक मात्र होता येतं. आणि मालक झालं की काय हवं ते उघडता येतं. व्हिडिओत बजावलं होतं की हे अगदी नाइलाज झाल्याशिवाय करू नये. गाव्राचा नाइलाज झालाच होता. त्यानं मालकाच्या जागी आपलं नाव घातलं. पडद्यानं सभ्यपणे विचारलं, आधीच्या सगळ्या परवानग्या पुसून सर्वाधिकार तुम्हाला देऊ का? गाव्रानं हो म्हटलं. लग्नात पाद्र्यापुढे तो इतक्या चटकन हो म्हणाला नव्हता.

दार उघडलं. आत फोल्डरांवर फोल्डर. एकेक उघडत बसायला त्याला धीर कुठला? त्यानं शोधायच्या चौकटीत एकच शब्द टाकला: कोस्ता.

आणि पडदा भरून गेला. कोस्ता, कोस्ता, कोस्ता. पत्रांत कोस्ता, निरोपांत कोस्ता, खाली सरकवावं तितका कोस्ता. इतकं गाव्रालाही वाटलं नव्हतं. त्यानं पहिलं पत्र उघडलं. कुणी बाई विचारत होती, पदवीच्या भाषांतराला किती पडतील? दुसरं उघडलं. जन्मदाखल्याचे किती पडतील? तिसरं, चौथं, सगळी तशीच. त्यांच्या भाषेत 'किती पडतात' याला 'कोश्ता' म्हणतात. पण 'श' लिहायला 'स'च्या डोक्यावर चिन्ह द्यावं लागतं, आणि घाईत पत्र लिहिणारं गिऱ्हाईक ते चिन्ह कधीच देत नाही. मग कोश्ताचा होतो कोस्ता. गावातल्या प्रत्येक चिक्कू माणसानं गाव्राच्या काळजात सुरी फिरवली होती.

बाकी आत होतं काय? नर्सांचे कागद, कोर्टाचे निकाल, कुणाच्या पेन्शनचे वाद. 'परीक्षा' नावाचं एक भलं मोठं फोल्डर होतं, त्यात आवाजाच्या फाइली. दोन ऐकल्या, तर कुणी जर्मन बाप्या पाटबंधाऱ्यांवर भाषण ठोकत होता. कोस्ता नव्हता. गाव्रानं ते बंद केलं.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण दिवसभर गळ टाकून बसावं आणि बूटसुद्धा हाती लागू नये, तसा तो खट्टू झाला. सगळं बंद करून, आठवण झाली म्हणून हाताला थोडी काजळी फासून घरी गेला. आपण मालक झालो तेव्हा खऱ्या मालकिणीला घराबाहेर काढलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सोमवारी सकाळी कॉफी उतू जायच्या बेतात असताना तेयाची हाक आली, "गाव्रा! माझं सगळं गेलं!"

तिचा पडदा धुतल्यासारखा स्वच्छ होता. एक फाइल नाही. काही उघडायला गेलं की प्रवेश नाकारला. बुधवारी जिल्हा रुग्णालयातल्या नर्सा वकिलातीत कागद घेऊन जायच्या होत्या, आणि ते कागद आत.

"काल कुणी आलं होतं का इथं?" ओल्गित्सा मावशीनं विचारलं.

"मी. धुराड्यासाठी," गाव्रा म्हणाला.

"धुराडं साफ केलंस? मग शेगडी का धुमसतेय रे?"

चोराच्या मनात चांदणं. गाव्रा 'अपडेट, अपडेट' असं काहीतरी पुटपुटत मागच्या खोलीत पळाला. काय झालंय ते त्याला आता कळलं होतं. उपायही कळत होता: मालकाच्या जागी पुन्हा तेयाचं नाव टाकायचं, हक्क तिला द्यायचे, आणि चुपचाप बाहेर यायचं. त्यानं नाव टाइप केलं. सर्व्हरनं ते ओळखलं, हक्क दिले, सगळं ठीक म्हणाला. तेयानं कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. प्रवेश नाकारला. गाव्रानं पुन्हा नाव टाकलं. पुन्हा ठीक, पुन्हा नाकारला. दुपार होईपर्यंत त्यानं इतक्यांदा बायकोला मालकीण केलं, की एखादा मवाळ नवराही आयुष्यात करत नाही. दार काही उघडेना.

शेवटी तेया दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. "आता तरी कोस्ताला बोलाव."

"मी करतोय ना!"

"तू सकाळपासून करतोयस, गाव्रा. त्या पोरींची तिकिटं काढून झालीत."

ज्याला आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याला स्वतःच्या हातानं फोन लावायची पाळी आली. फोनवर गाव्रा एवढंच म्हणाला, "ये," आणि ठेवून दिला.

कोस्ता आला तो हेल्मेट, तारांची पिशवी आणि कागदात गुंडाळलेला पापुद्र्यांचा गरम बुरेक घेऊन. "म्हटलं, तुम्ही काही खाल्लं नसणार." त्या दिवशी तेया पहिल्यांदा हसली. गाव्रानं ते हसू बघितलं आणि मनात लिहून ठेवलं.

तेया नर्सांना धीर द्यायला रुग्णालयात गेली. मावशी बुरेकशी झटत बसली. मागच्या खोलीत कोस्ता सर्व्हरपुढे, आणि गाव्रा त्याच्या मानगुटीशी उभा.

"गाव्रा," थोड्या वेळानं कोस्ता म्हणाला, "तुझ्याकडे तेया किती आहेत?"

"म्हणजे काय? तोंड सांभाळून बोल हं."

"अरे, सर्व्हरवर. इथं दोन तेया आहेत. नुसती फोल्डरं नाहीत, माणसंच दोन आहेत. शरदात तिला नवा कॉम्प्युटर दिलास तेव्हा तिचं खातं पुन्हा बनवलंस का?"

"बनवलं. मग?"

"त्याच्या आधी काय लिहीत होतास?"

गाव्रा आठवू लागला. नगरपालिकेचा अर्ज. दारावरच्या पाटीचा.

"म्हणजे सिरिलिकमध्ये," कोस्ता म्हणाला आणि हसायला लागला. "आणि मग अक्षरं परत बदलायला विसरलास."

या लोकांची भाषा एक आणि लिप्या दोन. सरकारला सिरिलिकमध्ये लिहायचं, मित्राला रोमनमध्ये. दोन बटणं दाबली की लिपी बदलते, आणि दाबायला विसरणं हा तिथला राष्ट्रीय रोग आहे. एरवी चूक लगेच दिसते. पण तेयाचं नाव त्यांच्याकडे चार अक्षरांत लिहितात, आणि ती चारही दोन्ही लिप्यांत हुबेहूब सारखी आहेत. डोळ्याला एक बाई, यंत्राला दोन. नवी तेया सिरिलिक होती. तिच्यासाठी सर्व्हरनं आपोआप नवं फोल्डर बनवलं आणि कुलूप लावलं. जुनी तेया शरदातच संपली होती. सकाळपासून गाव्रा रोमनमध्ये नाव टाकून किल्ली देत होता ती तिला.

गाव्रा खुर्चीत बसला. ज्या दुसऱ्या तेयासाठी त्यानं झोप घालवली, ती त्याच्याच बोटांतून जन्मली होती.

"दोन मिनिटांचं काम," म्हणत कोस्तानं आतली फोल्डरं उघडली, आणि त्याचा हात थांबला. सकाळी गाव्रानं बदललं होतं ते फक्त बाहेरचं दार. आत प्रत्येक खोलीवर पाटी तशीच होती. मालक: गाव्रा. मालक: गाव्रा. मालक: गाव्रा. शेजारी रविवारची तारीख.

कोस्तानं मागं वळून बघितलं नाही. पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "हे अपडेटनं केलंय. अपडेट कधीकधी असं करतं."

"करतं?" गाव्रानं विचारलं.

"आज करतं."

गाव्राला कळलं. गावात त्याला वाचवणारा एकच माणूस निघाला, आणि तो हा. पण त्यानं मान डोलावली. तेया गेली तर राहायचं काय, ही शेगडी?

तेया धापा टाकत आली. "काय झालं होतं?"

"अपडेट," कोस्ता म्हणाला. "रविवारी आपोआप उतरलं, त्यानं परवानग्या पुसल्या. गेल्या महिन्यात पशुवैद्याकडे असंच झालं होतं, त्याचे सगळे घोडे गेले. गाव्राची यात काही चूक नाही. दुसरा असता तर सगळंच घालवून बसला असता."

तेयानं एका झटक्यात विश्वास ठेवला. गाव्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि मी तुझ्यावर ओरडले."

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं गप्प बसावं. गाव्रा कोस्ताच्या तोंडाकडे बघत होता. पापणी हलली नाही. घोडेसुद्धा घातले बेट्यानं! माझ्यासाठी तिच्याशी इतकं गुळगुळीत खोटं बोलतो. मग तिच्यासाठी माझ्याशी किती गुळगुळीत बोलत असेल? आणि तीही कशी पटकन मानते त्याचं! मी काही सांगितलं की मात्र वीस प्रश्न.

"खोटं!" गाव्रा ओरडला. "अपडेट नाही, बिपडेट नाही. मी उघडलं. रविवारी. मी मालक झालो."

कोस्तानं डोळे मिटून घेतले. दारात उभ्या ओल्गित्सा मावशीचा घास तोंडातच राहिला. "बघा," ती म्हणाली, "बायकोचा मालक होता आलं नाही, तर फोल्डरचा झाला."

तेयानं खांद्यावरचा हात काढून घेतला. "कशासाठी?"

"कुलूप होतं. दोन तेया होत्या. मला वाटलं..." त्यानं कोस्ताकडे बोट केलं.

"मग? सापडला हा आत?"

"किती पडतात तेवढं सापडलं," गाव्रा म्हणाला. मग खुलासा केल्यासारखं म्हणाला, "चिन्ह देत नाहीत लोक."

मावशी फस्सकन हसली. तेया हसली नाही. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि अगदी हळू बोलायला लागली. ओरडली असती तर गाव्राला बरं वाटलं असतं.

"रविवारी किती वेळ होतास आत?"

"दुपारभर."

"दुपारभर माझ्या कामात होतास. मग सांग बरं, हिवाळ्यापासून मी काय करतेय?"

"नर्सांचे कागद."

"ते मी सकाळी ओरडून सांगितलं. दुसरं सांग."

गाव्रानं डोकं खाजवलं. निकाल, पेन्शन, दाखले. हे ती नेहमीच करायची. दुपारभर तो तिथं होता, आणि एका माणसाला शोधण्याच्या नादात त्यानं बाकी काहीच बघितलं नव्हतं.

अवघडलेला कोस्ता कानात हेडफोन घालून फाइली शाबूत आहेत का ते तपासायला लागला होता. बिचाऱ्याला धीर द्यायचा होता, एवढंच. तो म्हणाला, "तेया, काळजी करू नकोस, परीक्षेचं सगळं शाबूत आहे. सरावाची भाषणं आणि तुझ्या आवाजातली भाषांतरंही. दिवसागणिक सुधारलीयस की." मग त्यानं जीभ चावली.

"याला कसं माहीत?" गाव्रा उठलाच.

"आत्ता दुरुस्त करताना ऐकलं," कोस्ता म्हणाला. "सगळ्यांत मोठं फोल्डर तेच आहे, गाव्रा. दिसल्याशिवाय राहतंय का?"

गाव्राला दिसलं होतं. त्यात कोस्ता नाही म्हणून त्यानं ते बंद केलं होतं. तिच्या आवाजाच्या फाइलीपर्यंत तो पोचलाच नव्हता. आजवर कोस्ताबद्दल जे वाटत होतं, ते काहीच नव्हतं, असं त्याला वाटलं. आताचं खरं होतं. या माणसानं तासाभरात त्याच्या बायकोचं जे बघितलं, ते त्याला एवढ्या संसारात बघता आलं नव्हतं. आणि बघायला कुणी अडवलंही नव्हतं.

"मालकाच्या जागी तेयाला घातलंय," कोस्ता खाल मानेनं म्हणाला. "या तेयाला. तुझं नाव काढायचं राहिलंय. काढू?"

"मी काढतो," गाव्रा म्हणाला. त्यानं स्वतः बटण दाबलं. एकेका खोलीवरून त्याची पाटी उतरत गेली. तेया शेजारच्या खोलीत गेली, आणि तिचा पडदा पुन्हा फाइलींनी भरल्याचं मावशीच्या "देवा, वाचलो" वरून कळलं.

कोस्ता तारा गुंडाळायला लागला. गाव्रा तेयाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. ती नर्सांचे कागद उघडून टाइप करत होती.

"आईकडे जाणार?"

"बुधवारपर्यंत हे कागद," तेया मान वर न करता म्हणाली. "मग परीक्षा. मग वेळ उरला, तर तुला सोडते."

"कसली परीक्षा आहे, तेया?"

तिची बोटं थांबली नाहीत.

"कोस्ताला विचार."

गाव्राला वाटलं, ती चिडून म्हणाली. पण ती नुसती म्हणाली होती, रस्ता विचारणाऱ्याला कोपऱ्यावरचं दुकान दाखवावं तशी. तो तिथं उभा राहिला. मावशीनं बुरेकचा कागद चुरगळला आणि शेगडीत टाकला.

बाहेर कोस्ता हेल्मेट घालून सायकलचं कुलूप काढत होता. कोशाव्यानं त्याची पिशवी उडत होती. गाव्रा कोट न घालताच पायऱ्या उतरला, त्याच्या समोर जाऊन उभा राहिला, सायकलचं हँडल धरलं. मारायला आला की काय, म्हणून कोस्ता एक पाऊल मागं सरकला.

"कोस्ता," गाव्रा म्हणाला, "माझ्या बायकोची परीक्षा कसली आहे?"